लक्ष्मीच्या घरात बूट

माझ्या गोठ्याच्या दाराशी कुणी चपला घालून उभं राहिलं, तर मी असा ओरडायचो की खालच्या खाचरात भाताची आवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून वर बघायच्या. "आधी पायातलं काढ! लक्ष्मीचं घर हाय हे!" जावई असो, तलाठी असो, मतं मागायला आलेला पुढारी असो, सगळे माझ्या गोठ्यात पायातलं काढून आले. त्या पुढाऱ्याचे पांढरे मोजे शेणात कसे बुडाले, ते मी अजून सांगतो आणि अजून हसतो.

आमचं गाव आंदर मावळात, पार आत. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. माझी शाळा चौथीपर्यंत, पण जनावराच्या नुसत्या कानाला हात लावून ताप सांगणारा माणूस या खोऱ्यात मी एकटा. माझ्याकडं चार डांगी गाया आणि एक बैलजोडी. डांगी म्हणजे पावसातलं जनावर. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कातडी तेल चोपडल्यासारखी, पाणी ठरतच नाही. माझ्या बापानं डांगी सांभाळल्या, आज्यानं सांभाळल्या. "माझ्या दावणीला डॉक्टर लागत न्हाई," हे मी पारावर म्हणायचो, लग्नात म्हणायचो, एकदा तर मयतीला गेलतो तिथंही म्हणालो.

आणि मग गेल्या पावसाळ्यात माझी थोरली गाय गाभडली. सातव्या महिन्यात वासरू गेलं. मी जार, म्हणजे मागून पडणारी वार, माझ्या हातानं काढला, खड्डा माझ्या हातानं खणला आणि घरात सांगून टाकलं, "ह्ये गावात बोलायचं न्हाई." पण आमची सून बारावी शिकलेली. तिनं गुपचूप फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी दारात स्कूटी थांबली. जनावरांची डॉक्टर, पोरसवदा बाई, पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट.

"आबा, गाय कुठंय?"

"आत हाय. बूट काढा आन या."

"बूट मी काढणार नाही."

"मग गाय बघू नका."

"नाही बघत. गाय बाहेर आणा."

आता आली का पंचाईत! बाई पावसात उभी, मी दारात उभा, दोघंही हलायला तयार नाहीत. शेवटी माझी बायको आतून म्हणाली, "अवं, गाईला तरी विचारा तिला काय पायजे ते." मी गाय बाहेर आणली.

बाईनं रक्त घेतलं, सुई टोचली, आणि मला विचारलं, "जार काढताना हातात मोजे होते?"

"माझ्या आज्याच्या हातात व्हतं का?"

"आबा, ऐका. ज्यानं ही गाभडली असावी, तो रोग गाईच्या मुतातून बाहेर पडतो आणि माणसालाही लागतो. गोठ्यात पाणी तुंबू देऊ नका, चुना टाका, बूट घाला. हाताला, पायाला जखम असेल तर जपा. आणि या गाईचं मूत सध्या कशालाच वापरू नका."

"गोमूत्राला सुतक असतं व्हय, बाई?"

कुंपणापाशी चारपाच जण जमले होते, ते खो खो हसले. बाई हसली नाही. म्हणाली, "पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही, आबा. तुमचा गोठा मात्र पहिल्यासारखाच आहे."

मला पावसाचं शिकवायला आली! असं मी त्या दिवशी मनात म्हणालो. पण खरं लिहायचं तर बाई बरोबर होती, आणि ते मला तिच्याआधी ठाऊक होतं. आमचा पाऊस म्हणजे एकदा लागला की महिना महिना बारीक चालायचा. सूर्य दिसायचा नाही, घोंगडी वाळायची नाही, पण गोठ्यातलं पाणी उताराच्या नाळीनं सुळसुळ निघून जायचं. आज्यानं उतारच तसा काढलेला. आता काय होतं? आषाढात तीन तीन आठवडे कडकडीत ऊन. भाताची रोपं पिवळी पडतात, आणि डांगी गाय, जी पावसात कधी हलली नाही, ती उन्हात जीभ काढून धापा टाकते. मग एके दिवशी आभाळ फाटतं आणि महिन्याचं पाणी एका दिवसात वरून खाली! माझा मुलगा तळेगावच्या बाजूला कंपनीत आहे, तो याला हवामान बदल म्हणतो. मी त्याला मस्ती म्हणतो. आभाळाला मस्ती आलीय.

बाई येऊन गेली त्याच आठवड्यात ती मस्ती आमच्यावर उतरली. सकाळी न्याहारी करत होतो. डोंगराकडून असा आवाज आला की मला वाटलं मालगाडी आली. आमच्याकडं कुठली गाडी! ते पाणी होतं. वरच्या अंगाला प्लॉट पाडण्यासाठी टेकडी कापलीय, तिथली लाल माती घेऊन पाणी थेट माझ्या गोठ्यात शिरलं. नाळ क्षणात बुजली. गाया हंबरायला लागल्या, बैल दावं तोडायला बघतात, वैरणीच्या पेंढ्या तरंगायला लागल्या! मी दावी सोडतोय, सून गाया वर माळाला हाकलतेय, आणि माझी बायको साडी खोचून घमेल्यानं पाणी उपसतेय. अडुसष्ट वर्षांची बाई! मी ओरडतोय, "अगं, बाहेर हो!" ती ओरडतेय, "तुमी जनावरं बघा, मला बघू नका!" दिवसभर उपसत होती. गुडघाभर पाणी, त्यात शेण, मूत, माती सगळं एक झालेलं. दिवस कलायच्या आत आम्ही गोठा मोकळा केला. एक जनावर गेलं नाही! माळावर उभं राहून मी अशा आरोळ्या ठोकत होतो, जसा काही शर्यतीच्या घाटात माझा बैलगाडा पहिला आला.

दुसऱ्या दिवशी बायकोला पाय टेकवेना. आवणीच्या दिवसांत चिखल्या सगळ्यांनाच होतात, पण तिच्या बोटांच्या बेचकीतून कातडं सुटलं होतं आणि टाचांना बोट जाईल अशा भेगा. आता माझी आई अशा वेळी काय करायची? हळद आणि ताजं गोमूत्र, कालवून लावायचं. माझ्या पायाला तिनं ते बारा वर्षं लावलं, आणि माझे पाय बघा, खिळा वाकतो. मी वाटी घेतली आणि गोठ्यात गेलो. तीन धडधाकट गाया होत्या. मी थोरलीच्या मागं बसलो. का? कारण त्या डॉक्टर बाईला दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

बायको म्हणाली, "त्या डॉक्टरणीनं काय सांगितलं व्हतं?"

"तिला सांगू दे. तिचा पाय हाय का माझ्या बायकोचा?"

"पाय तर माझा हाय," ती म्हणाली, आणि तरी तिनं पाय पुढं केले. रोज सकाळी मी लावत होतो. रोज.

दहाएक दिवस गेले आणि तिला ताप आला. म्हणाली, पिंढऱ्या फुटतायत. मी म्हणालो, आवणीनं अंग मोडलंय, काढा पी. काढा प्याली. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे कुंकवासारखे लाल झाले. चौथ्या दिवशी सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, आईंना लघवी चहासारखी होतीय. तीबी काल सकाळपासून न्हाई." आणि मग मी एकदम उठलो.

पण जायचं कसं? पुन्हा तसलाच पाऊस लागलेला. दोन दिवस एसटी नाही. ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी चाललेलं, मुलगा पलीकडे अडकलेला. मी ट्रॅक्टरवाल्याच्या दारात गेलो. गड्याचा आणि माझा बांधावरून अबोला होता, सहा वर्षांचा.

"पुलापल्याड नेशील का?" मी विचारलं.

तो पुलाकडं बघून म्हणाला, "आबा, सहा वर्षं बोलला न्हाई, आन बोलला ते ह्ये?"

"माझी बायको हाय."

त्यानं किल्ली घेतली. ट्रॉलीत भाताचा पेंढा अंथरला, वर ताडपत्री धरली, बायकोला मध्ये निजवलं. पुलापाशी आलो तर पूल दिसतच नाही! नुसतं तांबडं पाणी, त्यात झाडाच्या फांद्या गरागरा फिरतायत. मी खाली उतरलो, हातात काठी घेतली आणि ट्रॅक्टरच्या पुढं चालायला लागलो. फरशीची कड मला पायाला कळते, पन्नास वर्षं तिथून गुरं नेलीत. पाणी मांडीला लागत होतं. मागनं तो ओरडतोय, "डावीकडं, आबा?" मी ओरडतोय, "सरळ ये! माझ्या पाठीवर ये!" मधोमध एक ओंडका आला, काठी गेली, मी ट्रॅक्टरच्या बंपरला धरून राहिलो. आणि ताडपत्रीखालून बायकोचा आवाज, बारीक, पण शुद्धीतला: "अवं, वर बसा, म्हातारं झालाय तुमी!" मी हसायला लागलो हो! त्या पाण्यात! ट्रॅक्टरवालापण हसायला लागला. पलीकडं चाक लागलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना शिव्या देत होतो आणि सून रडत होती.

कामशेतला एका दवाखान्यात नेलं. सून नाव लिहायला खिडकीशी गेली. डॉक्टर चाळिशीचा माणूस, घाईत पण नीट बोलणारा. त्यानं तिचे डोळे बघितले, पिंढरी दाबली, ती ओरडली.

"घरी जनावरं आहेत, आबा?"

"आहेत की. डांगी."

"त्यातलं एखादं आजारी? गाय गाभडलीय वगैरे?"

"माझ्या दावणीला? कधीच न्हाई."

"पायाला हे पिवळं काय लावलंय?"

"हळद."

हे मी बोललो. माझी बायको खाटेवर, आणि मी हे बोललो. तिनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

डॉक्टर म्हणाला, "पावसाळ्यात चार ताप सारखेच दिसतात. कशाचा आहे ते रक्तातून लगेच कळायचं नाही. पण किडनीवर ताण आलाय. उद्यापर्यंत लघवी सुटली नाही, तर पुण्याला मशीनवर न्यावं लागेल. तिथवर काय होईल ते मी सांगू शकत नाही." आणि तो जिन्यानं वर निघून गेला.

मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक शहरी पोरगा, लोणावळ्याच्या बाजूला धबधब्यावर घसरलेला, पाय मुरगळून आलेला. त्याच्या मांडीवर त्याचा बूट, जाड तळाचा. मी मनात म्हणालो, बघा, बूट घालूनपण पाय मोडतो. अशा वेळेलासुद्धा माझं डोकं हेच म्हणत होतं! मग मी तोंडावरचं पाणी पुसायला हात वर केला आणि नाकाला वास आला. हळदीचा आणि गोठ्याचा. माझी नखं पिवळीधमक होती. त्याच सकाळी, ट्रॉलीत घालायच्या आधी, मी तिच्या पायाला लावून आलो होतो.

आणि मी पळालो! गुडघ्यांनी मला दहा वर्षांपूर्वीच रामराम केलाय, पण त्या जिन्यावर मी पळालो. डॉक्टरच्या खोलीपुढं पंधरा माणसं रांगेत. एक बाई म्हणाली, "ओ आबा, नंबर लावा!" मी म्हणालो, "माझी बायको मराया लागलीय आन तिला मी मारतोय, मला आत जाऊ द्या!" रांग अशी दुभंगली, जसे भांगात केस.

आत जाऊन मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानं सगळं बोललो. थोरली गाभडली. जार मी काढला. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, मी ऐकलं नाही. गोठ्यात पाणी तुंबलं, बायको त्यात दिवसभर उभी होती. आणि हळदीत त्याच गाईचं मूत होतं, रोज, आजपण. दार उघडंच राहिलेलं. पंधरा माणसं ऐकतायत, त्यात आमच्या खोऱ्यातली दोन होती. ऐकू दे! माझ्या दावणीची सगळी अब्रू मी त्या टेबलावर ओतली.

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "आबा, मला याचाच संशय होता. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी दुसरीकडं बघत बसलो होतो." आणि तो उठलाच! नर्सला हाक मारली, रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन चालू केलं. तिचे पाय दोनदा धुऊन घेतले. मग माझ्याकडं वळला. "तुमचे हात दाखवा. जार काढलात ना? तुम्हालापण गोळ्या."

"मला काय झालंय?"

"काही होऊ नये म्हणून. गिळा, माझ्यासमोर."

गिळल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गिळा म्हटलं आणि मी गिळल्या.

मी विचारलं, "त्या वाटीतूनच शिरला का रोग?"

"ते सांगता यायचं नाही. गोठ्यातल्या पाण्यातनं शिरला असेल, वाटीतनं शिरला असेल. भेगा असलेला पाय दोन्हीला दारच."

त्यानं मला सोडवायचा प्रयत्न केला, हे मला कळतं. पण मी काही सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खाटेपाशी बसलेलो. सुनेनं आणलेला चहा तसाच गार झालेला. बाहेर पुण्याच्या गाडीची बोलणी चालली होती. तेवढ्यात पडद्याआडून नर्स म्हणाली, "आजीला लघवी झाली!"

"किती?" मी उठून उभाच राहिलो.

"चांगली झालीय, आबा. बसा."

"रंग?"

"उतरतोय रंग."

अहो, मी त्या वॉर्डमध्ये अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या खाटेवरचा माणूस सलाईनसकट उठून बसला! थोरलीनं पहिली कालवड दिली तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता. मी बाहेर जाऊन ट्रॅक्टरवाल्याला मिठी मारली. तो रात्रभर ट्रॉलीतच झोपला होता. "काय झालं, आबा?" "मुतली!" मी म्हणालो, रस्त्यात उभा राहून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. माझ्या सुनेला अजून त्याची लाज वाटते. मला नाही वाटत.

बायको नऊ दिवसांनी घरी आली. येताना मी कामशेतच्या दुकानात थांबलो आणि गमबूट मागितले, दोन जोड. तिच्या मापाचे लगेच मिळाले. माझे पाय बघून दुकानदारानं कपाळाला हात लावला. "आबा, असं पाऊल कंपनी काढत न्हाई." अनवाण्या पायाची बोटं पंख्यासारखी पसरलेली. शेवटी सगळ्यात मोठ्या जोडाला करंगळीच्या बाजूनं चीर दिली. मग वाटेत कळलं, त्या चिरेतनं तर पाणी जाणार! परत फिरलो. दुकानदारानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला. तेच बूट अजून घालतो.

आणले खरे, पण दारात येऊन माझे पाय थांबले. साठ वर्षं मी ज्या उंबऱ्यावर लोकांना ओरडलो, तिथं बूट घालून कसा जाऊ? मी हातात बूट धरून उभा. कुंपणाशी पुन्हा तीच चारपाच माणसं. एक जण म्हणाला, "आबा मिलिटरीत भरती झालं वाटतं!"

बायको ओसरीत बसलेली, निम्मी झालेली, पण जीभ शाबूत. म्हणाली, "अवं, चपला का चालत न्हाईत गोठ्यात?"

"बाहेरची घाण आत येती म्हनून."

"मग ह्ये बूट बाहेर नेऊच नका. दावं गोठ्याचं, घुंगरं गोठ्याची, तसं ह्ये गोठ्याचं. हितंच घालायचं, हितंच काढायचं. आन तुमचं पाय काय, गंगेत धुऊन येता व्हय रोज?"

माणसं हसली. मीपण हसलो. साठ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं! उंबऱ्याच्या आत, भिंतीला मी दोन खुंट्या ठोकल्या. बैलपोळ्याला गोठ्यातल्या सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लागतं, तसं त्या चार बुटांनाही तिनं लावलं. त्याआधी मी मुलाला घेऊन गोठ्याची जमीन हातभर उंच केली, वरच्या अंगाला चर खणला, नाळ रुंद केली. जनावरांची डॉक्टर पुन्हा आली, थोरलीला सुया दिल्या. तिच्यासाठी तिसरी खुंटी आहे. ती म्हणते, "आबा, मी माझे बूट रोज धुते, मला बाहेरचे चालतात." मी म्हणतो, "माझ्या गोठ्यात न्हाई चालत." तिच्या मापाचे मीच आणले. काढते ती आता बाहेर, आणि घालते आत. शेवटी जिंकलो का नाही!

आता खोऱ्यात कुणाची गाय गाभडली, की लोक मला बोलावतात. मी जातो आणि आधी विचारतो, घरात कुणाला ताप आहे का. लपवायला लागले, की मी माझं सांगतो. वाटीसकट.

पण मला लिहायचं होतं ते पोळ्याच्या सकाळचं. त्या दिवशी ती पहिल्यांदा गोठ्यात गेली. खुंटीवरचे बूट घातले, माझ्या खांद्याला धरून. थप, थप, थप असा आवाज. थोरलीनं कान टवकारले, फुरफुरली, दोन पावलं मागं सरली. तिला वाटलं, कुणी परकं आलं. बायको जागेवरच थांबली आणि म्हणाली, "मी हाय गं." थोरलीनं मान लांब केली, त्या काळ्या रबराचा वास घेतला, वर पदराचा घेतला, आणि मग खरखरीत जिभेनं सगळं कुंकू चाटून बूट लख्ख केला.

"बघा," बायको म्हणाली, "हिला चालतंय."